मुलुंडच्या हवेत न धरणारे गुलाब

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आम्ही तळमजल्यावर राहायचो. खोल्या दोनच, पण गॅलरीसमोर दीड हात रुंदीचा मातीचा पट्टा होता आणि त्याच्या जोरावर मी स्वतःला बागायतदार समजत असे. ऑफिसात कारकून असलो तरी गुलाबांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता. मला कुणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी. मी न विचारता सांगत असे.

नर्सरीतून आणलेल्या नव्या जाती थंडीत दोन-दोन फुलं देत. ती मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवत असे. मे महिन्यात त्यांच्या काटक्या होत. कोपऱ्यातलं एक गावठी झाड मात्र ऊन, दमटपणा, धूर सगळं पचवून बारा महिने फुलायचं. लहान, फिकट गुलाबी, घमघमणारी फुलं. बायकोनं कोकणातल्या माहेराहून काडी आणून ते लावलं होतं. रोज दोन फुलं देवाला वाहायची, एक केसात माळायची. मी ते झाड बागेत धरतच नव्हतो.

एक दिवस ऑफिसातल्या चेंबूरच्या मित्रानं मला ज्ञान दिलं. "अरे, विकतची कुंडी आणून काय वाट लावतोस? मूळ गावठी ठेव, त्यावर नव्या जातीचा डोळा भर. मग बघ, झकास!" म्हणजे गावठी झाडाच्या सालीत चीर द्यायची, नव्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, आत बसवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. हिरवा राहिला तर धरला. मग वरचं गावठी सगळं छाटून टाकायचं.

घरी आल्याआल्या मी हे बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"सगळं छाटायचं?"

"सगळं. त्याशिवाय नव्याला जोर कसा येणार?"

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात बरं म्हणजे संमती, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मित्राकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या मी जेवणाच्या रिकाम्या डब्यातून आणू लागलो. लाल, पिवळी, एक तर चक्क जांभळट. पहिल्या थंडीत पाच डोळे भरले, आठवड्यात पाचही काळे पडले. मी भांडुपच्या कारखान्यांच्या धुराला दोष दिला. दुसऱ्या थंडीत खाडीच्या खाऱ्या हवेला. तिसऱ्या थंडीत मित्राच्या काड्यांना, त्यावरून तो महिनाभर बोलला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. बायको मात्र चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "इथली हवाच तशी हो. तुम्ही तरी काय करणार?" अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं, असं मला अगदी मनापासून वाटे.

चौथ्या थंडीत, एका रविवारी, मी दूध घेऊन इमारतीच्या मागच्या बाजूनं आलो. ती झाडाशी वाकली होती. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून, पट्टीच्या फटीतून, माझ्या एकेका डोळ्यात शांतपणे टोचत होती. इतक्या सफाईचं काम मला कधी जमलं नव्हतं.

"अगं, काय करतेस हे?"

ती दचकली नाही. पिन पदराला पुसली, बांगडीत परत अडकवली. "आई गेली. भावांनी घर विकलं. तिथलं माझ्याकडे एवढंच आहे. तेच तुम्ही छाटायला निघालात."

"मग मला सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

राग आला होता, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. लाजही वाटत होती. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "तिथं कुठं होतं हे झाड?"

"न्हाणीच्या दाराशी. आई आंघोळीचं पाणी सोडायची त्याला."

त्या न्हाणीच्या दाराशी, दर मे महिन्यात, टॉवेल खांद्यावर टाकून मी सासूबाईंना गुलाबाच्या नव्या जातींवर व्याख्यान दिलं होतं. तिथं झाड होतं हे मला आठवेना.