अर्ध्या दाबाचे आठ दिवस

गोमा गेला ही बातमी गावात मीच फिरवली, आन् मी सांगतोय म्हणून ती कुणाला खरी वाटली नाय. दोष लोकांचा नाय. गवताच्या वखारीत कामाला असताना एकदा सुट्टी मिळावी म्हणून मी छाती धरून, जीभ बाहेर काढून आडवा पडलो होतो, आन् मुकादमानं नाकाला कांदा लावल्यावर सटकन शिंकलो होतो. ती गोष्ट पळसदरीपासून कर्जतपर्यंत सगळ्यांना पाठ. म्हणून सव्वा महिन्यामागं त्या सकाळी मी माझ्याच बायकोला म्हणालो, "अगं, गोमा गेला," तर ती चुलीपुढून उठली पण नाय. "त्यांच्या नावानं तरी सोंगं करू नका," म्हणाली. मंग तिनं मान वर करून माझं तोंड बघितलं... आन् हातातली भाकर तशीच परातीत टाकली.

तो गेला तेव्हा मी त्याच्या शेजारीच होतो, त्याच्या ओट्यावर. रोजच्यासारखी माझी एक फजिती सांगत होतो. नव्या सासुरवाडीला ऐट मारायला मी अंधाऱ्या गोठ्यात धार काढायला बसलो आन् तो रेडा निघाला, ती. गोमा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. हसला नाय. मला वाटलं, आज गोष्ट रंगली नाय. म्हणून मी तीच पुन्हा पयल्यापासून सांगितली, हातवारे करून, रेड्याचा आवाज काढून. अर्ध्यात आलो तेव्हा त्याची बायको, यमुनावयनी, चहा घेऊन बाहेर आली आन् कप घेऊन उभीच राहिली. मी मेलेल्या माणसाला हसवत होतो. माझा शहाणपणा हा असा, पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा. मला लिवता येत नाय, मी बोलतो ते सूनबाई लिवून घेतेय, आन् ती पण मधीमधी थांबतेय.

आमी जोडीदार झालो ते वखारीत. स्वराज्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हा आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. सुटं गवत वॅगनीत मावायचं नाय, म्हणून ते दाबून गासड्या बांधायच्या. भली मोठी लाकडी पेटी, तिच्यावर लोखंडी स्क्रू, त्याला आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, आन् दोघांनी घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं, की वरची फळी खाली येऊन गवत दबायचं. एका टोकाला गोमा, दुसऱ्या टोकाला मी. ढकलायचा तो. मी दांडा धरून चालायचो आन् तोंड चालवायचो. एकदा मुकादमानं विचारलं, "गोमा, हा पदू काय ढकलतोय का नाय रं?" गोमा म्हणाला, "नुसता चालला असता तरी चाललं असतं मुकादम, हा लोंबकळतो. मी गवत पण दाबतो आन् ह्याला पण फिरवतो." सगळी वखार हसली. मी सगळ्यांत जास्त हसलो. वीस हंगाम हे चाललं. आता वाटतं, ज्याच्या छातीनं दोघांचं काम केलं ती छाती अगोदर थकली, ह्यात नवल काय... पण तेव्हा गोमाला दमलेला म्हणून मी कदी बघितलाच नाय.

वखारीची एक रीत होती. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पयले आठ दिवस अर्धा दाब. गासडी ढिली निघाली तरी चालेल, दांडा अर्ध्यावरच थांबवायचा. जो गडी पयल्याच दिवशी जोर दाखवायचा तो तिसऱ्या दिवशी तापानं फणफणायचा. अर्ध्या दाबावर राहिलेले गडी नवव्या दिवसापासून थेट होळीपर्यंत हटायचे नाय. गोमा म्हणायचा, "अंगाला थोडं दुखणं दाखवून ठेवावं रं. मंग मोठं आलं की ते ओळखतं, घाबरत नाय." मी ते आठ दिवस फार मनापासून पाळायचो, आन् नवव्या दिवशी पण माझे आठ दिवस संपलेले नसायचे.

पुढं वखार बंद झाली, आमी भातशेतीत राहिलो, म्हातारे झालो. गेल्या साली कापणीत गोमा बांधावर बसला तो घामानं ओला झाला, ओठ निळे. टेंपोत घालून कर्जतला नेला. अ‍ॅटॅक, डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांनी घरी आला तो दुसराच माणूस. मीठ बंद, ओझं उचलायचं नाय, चढ चढायचा नाय, नुसतं सपाटीला चालायचं. ज्यानं मला वीस वर्षं फिरवलं त्याला आंघोळीची बादली बायको उचलून द्यायला लागली. बादली आली की तो तोंड फिरवून घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "पदू, मला पेटीत भरून वरून फळी टाकलीय रं."

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. नसतं आलं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "गोम्या, आपण अर्ध्या दाबाचे आठ दिवस करू." त्याला फोडून सांगायला लागलंच नाय. त्याचं तोंडच उजळलं. वयनीला सांगितलं, सपाटीला फिरून येतो. आन् गेलो धरणाच्या बांधावर. पयल्या दिवशी दहा पावलं चढ, बसायचं, उतरायचं. दुसऱ्या दिवशी वीस. मी मुकादम. "बास रं, अर्ध्यावर थांब," असं ओरडायचो, आन् धाप मलाच लागलेली असायची. चौथ्या दिवशी त्यानं येताना वाटेत शीळ घातली. सहाव्या दिवशी मला ढकलून पुढं गेला. मी मनात म्हणालो, पदू, जन्मात एक काम केलंस बघ. सातव्या दिवशी तो अर्ध्यावर बसला आन् त्याचा दम खाली बसेना. माझी बिडी ओढून संपली तरी तो तसाच धापा टाकत होता. आठव्या दिवशी त्याच्या पायात वहाण शिरेना, एवढे पाय सुजले.

परत टेंपोत घालून कर्जतला नेला, वयनी पण आमच्याबरोबर आली. डॉक्टरनं विचारल्यावर मी सगळं बोललो, तिच्यासमोर. वाटलं, हा माणूस आता मला मारणार, आन् मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाला, "बाबा, तुमची रीत चुकीची नाही. तरण्या माणसाला ती लागू पडते. काळीज म्हणजे बारीक बारीक पेशी. प्रत्येक पेशीत जणू गवंडी असतात असं धरा. ताण पडला, घराला तडा गेला, की ते धावत येतात, तडा बुजवतात, भिंत आधीपेक्षा पक्की करतात. वय झालं की तेच गवंडी उशिरा येतात, थोडे येतात. तुम्ही रोज नवा तडा पाडलात. कालचा बुजला नव्हता, त्यावर आजचा."

मी म्हणालो, "डॉक्टर, बाहेरून गवंडी आणता येत नाय?"

"नाही हो बाबा, अजून तरी नाही."

मंग विचारलं, "माझ्यामुळं झालं का हे? खरं सांगा." तो म्हणाला, "सांगता येत नाही. कदाचित बसून राहिला असता तरी हेच झालं असतं. कदाचित वर्षभर जास्त काढलं असतं." आता ह्याला काय म्हणायचं? फाशी पण नाय आन् सुटका पण नाय. मी आत जाऊन खाटेवरच्या गोमाला ते गवंड्यांचं सांगितलं. तोंडावर नळी असताना तो हसला. नळी बाजूला करून म्हणाला, "म्हंजे... माझ्या आतले कामगार पण तुझ्यासारखेच निघाले रं. दांडा धरून नुसते चालतायत." नर्स धावत आली आन् मला हाकलून दिला.

त्यानंतर तो तीन महिने होता. रोज थोडा थोडा कमी. मी रोज सकाळी त्याच्याकडं जायचो, कारण दुसरं काय करावं ते मला येत नव्हतं. गोळ्यांची नावं वाचता येत नव्हती, पाय दाबले तर सुजेत खळगा पडायचा आन् तो भरायचा नाय, म्हणून तेही सोडलं. मंग फजित्या सांगायच्या. संपल्या तेव्हा नव्या बनवल्या. तो रेडा खोटाच होता, आता सांगायला हरकत नाय.

तेराव्यानंतर मी वयनीकडं गेलो आन् म्हणालो, "वयनी, मला शिव्या द्या. मनात ठेवू नका." ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "भावजी, दवाखान्यातून आल्यापासून ते पुढ्यात येईल ते गप गिळायचे. गुरासारखे. त्या आठ दिवसांत तेवढं बाहेरून यायचे आन् भाजीला नावं ठेवायचे. हे काय शिजवलंस, ह्याच्यात मीठ कुठाय, म्हणून ताट सरकवायचे. मला कळत होतं तुमी कुठंतरी नेताय त्यांना. मी विचारलं नाय." एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. म्हंजे तिलाही ठाऊक होतं. ते ओझं तिनं माझ्या अंगावरून काढून घेतलं का आपल्या अंगावर पण ओढून घेतलं, मला अजून कळलेलं नाय.

परवा तिनं मला जेवायला थांबवून घेतलं. दुधीची भाजी होती. घरात आता कुणाला मीठ बंद नाय, तरी तिचा हात तसाच राहिलाय, भाजी साफ अळणी. मी खाली मान घालून जेवत होतो. ती समोर बसून बघत होती. मंग म्हणाली, "नाव ठेवा की भावजी भाजीला... कुणी तरी."

जन्मभर माझं तोंड बंद म्हणून झालं नाय. मुकादमासमोर नाय, डॉक्टरसमोर नाय. त्या वेळी मी तोंड उघडलं आन् नाव ठेवायला एक शब्द सापडला नाय.

"बरी झालीय," म्हणालो. आन् आणखी वाढून घेतली.