तबकडीत हसणारा माणूस

नगरच्या कॅम्पात ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. बिघडलेलं यंत्र पुढ्यात आलं की ते डोळे मिटून उजवा कान त्याच्याजवळ नेत आणि विचारत, "काय दुखतंय?" हा प्रश्न मला नसे, यंत्राला असे.

बांगलादेशचं युद्ध संपलं, त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्याहून एक लाँगप्ले तबकडी आणली. जाझच्या एका मोठ्या बँडची जुनी ध्वनिमुद्रणं खरखर काढून नव्यानं छापली होती. त्यातल्याच एका ध्वनिमुद्रणाची मूळ, जुनी तबकडी माझ्याकडे होती. ती आता काय करायची, म्हणून त्यांना द्यायला गेलो.

त्यांनी आधी नवी लावली. "लई साफ हाय," म्हणाले. मग जुनी लावली. खरखरीतून बँड सुरू झाला आणि ट्रम्पेट वाजायच्या आधी कुणीतरी हळूच हसलं. इतकी वर्षं ऐकूनही ते हसू मला कधी ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा नवी लावली. त्या जागी नुसती शांतता होती.

"सर, खरखर पुसताना ह्यो मानूस बी पुसला की!"

"वाजवणाऱ्यांपैकी असेल कुणी," मी म्हणालो.

"आसंल. पन त्याला कायतरी लई आवडलं हुतं."

जुन्या तबकडीवर त्या जागी सुई नेऊन ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले, आणि त्याच्याबरोबर स्वतःही हसले. मग तबकडी सदऱ्याच्या टोकानं पुसून त्यांनी माझ्या हातात दिली.

"मला नगं. तुमी ही अजून ऐकलीच न्हाई."