आभारप्रदर्शनाने खाल्लेलं रीळ

रत्नागिरीत त्या काळी कुणाचं काहीही झालं तरी त्याचा सत्कार होत असे. मुलगा बोर्डात आला, सत्कार. बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली तरी सत्कार. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि मग ते 'दोन शब्द', जे दोन शब्दांत संपलेले मी तरी कधी ऐकले नाहीत. एरवी माझी काही तक्रार नव्हती. नारळ आमच्याकडे रग्गड, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याने घरी बसावं. पण ऐंशीच्या दशकातल्या एका रविवारी या सत्कारापायी माझ्या वडिलांचं जे नुकसान झालं, त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बाबांना जुन्या परदेशी चित्रपटांचं वेड, चहाचं वेड आणि युरोपातल्या शहरांचं वेड. यातलं शेवटचं सगळं घरबसल्या. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस मुंबईच्या पलीकडे कधी गेला नाही, पण लिस्बनची ट्राम कुठल्या चढावर करकरते ते सांगायचा. त्या शहराचा नकाशा त्यांनी खाटेच्या डोक्याशी लावला होता. "अगो, तेही आपल्यासारखंच," ते म्हणायचे, "डोंगरउतारावर घरं, वर लाल कौलं, खाली पाणी. पाव, बटाटा, काजू, चावी हे शब्द त्यांचेच. आणि चहाला म्हणतात 'शा'. आपल्या गडीमाणसांच्या 'चा'चा सख्खा भाऊ! तिथे माझं कुठे अडायचं नाही." कोर्टातल्या एका गोवेकर मित्राने त्यांना हे शिकवलं होतं.

चहा मात्र ते खराखुरा प्यायचे. कलकत्त्याला असलेले त्यांचे मामेभाऊ अधूनमधून पुडे पाठवत. दार्जिलिंगचा, आसामचा, कधी कुठून मिळाला तर निलगिरीचा. बाबा ते वेगवेगळ्या डब्यांत ठेवत आणि आईला त्या फळीला हातही लावू देत नसत. पाण्याला आधण आलं की भांडं खाली उतरवायचं, पत्ती टाकायची, झाकण ठेवायचं आणि कुणी बोलायचं नाही. दूध नाही, साखर नाही. आता आमच्याकडे कोरा चहा म्हणजे एक तर दूध नासलेलं, नाही तर माणूस आजारी. आलेला पाहुणा आधी कपात बघायचा आणि मग आईकडे कणवेने बघायचा. एकदा तर शेजारीण न सांगता तांब्याभर दूध ठेवून गेली. आई स्वतःपुरता गवती चहा आणि आलं घालून, दुधात चांगला उकळून घ्यायची आणि म्हणायची, "तुमचं ते काढ्याचं पाणी तुम्हालाच लखलाभ."

हे सगळं एका चित्रपटापासून सुरू झालेलं. बाबा मुंबईत शिकत असताना त्यांनी एका रविवारी लिस्बनमध्ये घडणारा एक चित्रपट पाहिला होता. नवरा खलाशी. बरीच वर्षं बेपत्ता. बायको चढावरच्या घरात एकटी. एके दिवशी बंदरात बोटीचा भोंगा होतो. ती चहा करते, टेबलावर दोन कप मांडते, दोन्ही भरते. दारावर थाप पडते. आणि नेमकं तिथेच बाबांना उठावं लागलं, कारण भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीची बोट सुटणार होती आणि घरी बहिणीचं लग्न होतं. त्या बाईने दार उघडलं की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही. जन्मभर ते आमच्याशी यावर बोलत राहिले. उघडलं असणार, तो आत आला असणार, दोघं समोरासमोर बसून चहा प्यायले असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. आईचं मत वेगळं नव्हतं, पण ती म्हणायची, "अहो, इतकी वर्षं ती तशीच बसलीय. चहा गार झाला असेल तिचा."

तालुका कचेरीत नोकरीला लागल्यावर मी आणि आणखी चार-सहा जणांनी गावात फिल्म सोसायटी काढली. एका थिएटरचा मालक रविवारी सकाळी त्याची जागा देई, बाराच्या खेळाच्या आधी खाली करून द्यायच्या अटीवर. परदेशी वकिलातींकडून रिळांचे डबे एसटीने येत आणि आमच्याकडून एसटीनेच पुढच्या गावाला जात. एकदा आलेल्या परिपत्रकात मी एका चित्रपटाची चार ओळींची गोष्ट वाचली आणि कचेरीत खुर्चीवरून उठलेच. तोच तो! मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "शेवटपर्यंतचा आहे ना गो?"

डबे रविवारी दुपारच्या पणजी गाडीने पुढे जायचे होते. म्हणजे दाखवायचा तो त्याच सकाळी. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. ठेवणीतला दार्जिलिंग थर्मासमध्ये भरून घेतला. शेवट पाहिल्यावर तिथेच बसून प्यायचा, असं ठरलं होतं.

आणि आमच्या अध्यक्षांनी प्रमुख पाहुणे बोलावले! मला न विचारता. आंब्याचे मोठे बागायतदार, नुकतेच युरोपची टूर करून आलेले. परदेशी चित्रपट आहे, तर परदेश पाहिलेला माणूस हवा, असं या वकील अध्यक्षांचं डोकं चाललं. पाहुणे मुंबईहून गाडीने यायचे होते. आम्ही ताटकळलो. पाहुणे आले तेव्हा हसत म्हणाले, "इथे हातखंब्याच्या नाक्यावर जरा चहाला थांबलो." सगळे हसले. मी हसले नाही.

मग शाल, श्रीफळ आणि 'मी पाहिलेला युरोप'. "आम्ही लंडन केलं, पॅरिस केलं, रोम केलं." वांग्याचं भरीत करावं तसं या माणसाने रोम केलं होतं! त्याला तिथलं आठवत काय होतं, तर हॉटेलातला चहा. "गरम पाण्यात दोऱ्याची पुडी बुडवून देतात हो! एवढे पुढारलेले देश, पण चहाची अक्कल नाही." टाळ्या. "लिस्बन आमच्या टूरमध्ये नव्हतं. पण एक शहर पाहिलं की सगळी तशीच." मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून थर्मासचं झाकण घट्ट करत होते.

चित्रपट सुरू झाला एकदाचा. आमचा प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे. पहिल्या रिळानंतर कँटीनवाल्यासाठी मध्यंतर. चित्रपटाला मध्यंतर नाही, असं मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या पिच्चरला नसेल, माझ्या बटाटवड्यास्नी हाय." त्याच्यावर मी फार चिडले नाही. तो निदान खरं बोलत होता.

खरा घाला पडला शेवटच्या रिळाआधी. पडद्यावर बोटीचा भोंगा झाला, बाई चहाचं भांडं घेऊन उठली, आणि रीळ संपलं. दिवे लागले. बाबा खुर्चीच्या टोकाशी आले होते. तेवढ्यात आमचे सचिव माइक घेऊन उभे राहिले. आभारप्रदर्शन! शेवट व्हायच्या आधी! मी धावत गेले तर मला हळूच म्हणतात, "संपल्यावर कोण थांबतंय? लोक चपला शोधायला लागतात. आत्ताच उरकतो." म्हणजे आभार ऐकून घेण्यासाठी लोकांना शेवटाचं आमिष दाखवून कोंडून ठेवायचं, असा हा हिशेब. माझ्या सबंध आयुष्यात मी इतका दुष्ट आणि इतका सद्हेतूने केलेला बेत दुसरा पाहिलेला नाही.

आभार झाले. पाहुण्यांचे, मालकांचे, वीज मंडळाचे, कारण वीज गेली नाही. मग सचिव म्हणाले, "आणि आता एक गोड धक्का." धक्का असा, की सोसायटीतर्फे ज्येष्ठ रसिक म्हणून माझ्या वडिलांचा सत्कार. बाबा नको नको म्हणत असताना दोघांनी त्यांना दंडाला धरून वर नेलं. अध्यक्ष त्यांच्या रसिकतेवर बोलले. त्यांच्या चहाच्या शौकावर विनोद केला. पाहुण्यांनी तो थर्मासमधला चहा मागून घेतला, घोट घेतला आणि माइकवरच विचारलं, "दूध नासलं होतं काय?" सभागृह हसून लोटपोट झालं. बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी खरोखर दोनच शब्द उच्चारले. "पुढचं दाखवा."

पण तोवर बाहेर बाराच्या खेळाची गर्दी दारं बडवायला लागली होती. मालक आत आला. मी हात जोडले, भांडले, शेवटी ओरडलेही. "बाई, माझी तिकिटं कापून झाली," तो म्हणाला, "तुमचे आभार झाले ना? मग कार्यक्रम संपला." त्याचं तरी काय चुकलं? आभार झाले की कार्यक्रम संपतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. दारं उघडली, माणसं घुसली आणि बाबा नारळ हातात धरून त्या लोंढ्यातून भिंतीच्या कडेकडेने बाहेर आले. दुपारी डबे पणजीला गेले.

मी जेवले नाही. बाबा जेवले. "जाऊ दे गो," म्हणाले, "त्यांनी प्रेमाने केलं." याचाच तर मला संताप येत होता. द्वेषाने केलं असतं तर निदान चार शब्द सुनावता आले असते.

पुढच्या रविवारी पणजीच्या सोसायटीत खेळ होता, पण एसटीचा एवढा प्रवास बाबांना झेपणारा नव्हता. तो खेळ झाल्यावर सोमवारी मी पोस्टातून तिथल्या सचिवांना ट्रंककॉल लावला आणि ओरडून ओरडून शेवट विचारला. त्यांनी सांगितला. दारावर थाप पडत राहते. ती बाई उठत नाही. समोरचा कप शांतपणे पिते. मग त्याचा कप पुढे ओढते आणि तोही पिते. थाप थांबते. समाप्त.

घरी आल्यावर मी आधी स्वयंपाकघरात जाऊन आईला हळू आवाजात सांगितलं. आई वाटण वाटत होती. तिचा हात थांबला. "मग?" ती म्हणाली, "गार करून फुकट घालवायचा होता काय?" आणि पुन्हा वाटायला लागली. जरा वेळाने तिने डोळे पुसले, पण वाटणात मिरच्या होत्या.

बाबा ओटीवर होते. दोन कप भरून ठेवलेले, कोरा दार्जिलिंग, वर बशा झाकलेल्या. माझी वाट बघत होते. "लागला काय गो फोन? काय झालं शेवटी?"

मी त्यांच्या समोर बसले. बशी काढली.

"लागला," मी म्हटलं, "पण त्यांच्याकडेही शेवटच्या रिळाआधी आभारप्रदर्शन झालं."

"हात् मेल्यांनो!" बाबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कुणाला शिवी देताना ऐकलं. मग ते खो खो हसले आणि आपल्या चहाकडे वळले. माझ्या सांगण्यावर त्यांचा तत्काळ विश्वास बसला होता. पुढे काही विचारावं असं त्यांना वाटलंच नाही.