वैजूची टाच बुटात बसेना

बुटातून आधी कापसाचा गोळा निघाला. मग घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद. मग एक मोजा, मोठ्या माणसाचा. मी सगळं काउंटरवर मांडलं आणि समोर स्टुलावर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. असेल आठ-नऊ वर्षांची. दोन वेण्या, आणि दोन्ही गुडघ्यांवर जांभळ्या औषधाचे डाग.

"हा मोजा कुणाचा गं?"

"बाबांचा," ती हळूच म्हणाली.

तिच्या वडिलांनी, वानखेड्यांनी, मोजा उचलून पँटच्या खिशात कोंबला. "अन् मी घरभर शोधून राहिलो होतो याले."

शेजारी उभी असलेली तिची आई हसली नाही. तिने मुलीचा पाय उचलून मला दाखवला. टाचेच्या मागे कातडी सोललेली होती. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

"पाहा साहेब. हा खेळ हाय का? माझं म्हणणं, बंद करा. तर ही ऐकत नाई."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा नागपूरला सीताबर्डीच्या एका चपला-बुटांच्या दुकानात वर्कशॉप मॅनेजर होतो. पुढे शोरूम, मागे वर्कशॉप. शाळेचे बूट हे आमचं मुख्य काम. त्याशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून सर्जिकल बूट करायचो, म्हणजे एक पाय आखूड असेल किंवा पाऊल वाकडं असेल तर त्या मापाचे. मी मद्रासहून चामड्याच्या कामाचा डिप्लोमा करून आलो होतो. घरी वडिलांचा धान्याचा व्यापार. मुलगा कातड्याच्या धंद्यात गेला हे त्यांना बरीच वर्षं पचलं नाही. मला मात्र काम आवडायचं.

वैजू, म्हणजे वैजयंती, स्केटिंग करायची. आता नागपुरात बर्फ उसाच्या रसाच्या गाडीवर दिसतो तेवढाच. त्यामुळे बर्फावर जे करतात तेच आमच्याकडे सिमेंटच्या रिंकवर, चार चाकांच्या स्केट्सवर. एका पायावर गोल काढायचा, गिरकी घ्यायची, उडी मारायची. त्याला लागणारा बूट घोट्याच्या वरपर्यंत येतो आणि त्याच्या तळाला चाकांची प्लेट बोल्टने आवळलेली असते. हा बूट पायाला चिकटून बसावा लागतो. चालताना टाच जराशी उचलली गेली तर आपलं काही बिघडत नाही. एका पायावर गिरकी घेताना ती उचलली गेली तर मूल पडतं.

वानखेडे नंदनवन वस्तीत राहायचे आणि शहराबाहेर वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोडाउनमध्ये बुकिंग क्लार्क होते. ओळखीच्या ड्रायव्हरकडून त्यांनी जालंधरहून बूट मागवले होते. लांबीला बरोबर, पण टाच सटकायची. मग कोणीतरी सांगितलं, एक नंबर लहान घ्या. ड्रायव्हर पुन्हा गेला, लहान नंबर आणला. टाच तरीही सटकत होती, वर बोटं चेपली जाऊ लागली. दोन्ही जोड्या आता माझ्या काउंटरवर होत्या.

"स्केटिंगचे सर म्हणतात, पोरगी भित्री झाली," वानखेडे म्हणाले. "पुण्याले राज्याच्या टीमचं सिलेक्शन हाय. या महिन्यात तिचा एका पायावरचा गोल झाला नाई तर दुसऱ्या पोरीले पाठवतो म्हणतात."

"मी भित्री नाही," वैजू म्हणाली.

"मग दुखते तर सांगत काहून नव्हती वं?" आईने विचारलं.

"सांगितलं असतं तर बूट परत गेले असते."

मी तिला उभं राहायला सांगितलं. पायाचं माप बसून घ्यायचं नसतं. अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. कागदावर पावलाची आकृती काढली, टेपने पंज्याचा घेर घेतला, मग कॅलिपरने टाचेची रुंदी मोजली. कॅलिपर म्हणजे सुताराकडे असतो तसा चिमटा. पुन्हा मोजली, कारण मला खरी वाटेना. पंजा नेहमीपेक्षा थोडाच अरुंद होता. टाच मात्र तिच्याहून कितीतरी लहान मुलीची वाटावी एवढी बारीक.

बुटाचा नंबर म्हणजे फक्त लांबी. परदेशात एकाच नंबरात अरुंद, मध्यम, रुंद असे प्रकार मिळतात असं आम्हाला मद्रासला शिकवलं होतं. आपल्याकडे कंपनी जी रुंदी काढेल तीत सगळ्यांनी पाय घालायचा. वैजूला बाजारातला कुठलाही नंबर दिला असता तरी तेच झालं असतं.

"नवीन करावे लागतील," मी म्हणालो. "तिच्या पायाचा फर्मा बनवून."

फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर चामडं ताणून बूट तयार होतो. फर्मा जसा, बूट तसा.

आमचे मालक भाऊसाहेब गल्ल्यावरून हे सगळं ऐकत होते. गिऱ्हाईक बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"एका जोडीसाठी फर्मा घासशील? तू काम करून राहिला का खेळून राहिला गा?"

"शाळेचा सीझन संपला आहे भाऊसाहेब. कारागीर रिकामे आहेत."

"कारागीर रिकामे हायेत, पण तू आजपर्यंत स्केटिंगचा बूट केला का?"

"नाही."

"मग?"

"सर्जिकल बूट केलेत. हाही पाय धरून ठेवायचाच बूट आहे."

ते पेपर वाचत राहिले. दुपारी मात्र त्यांनी स्वतः कपाट उघडून मऊ पांढऱ्या चामड्याचा एक तुकडा माझ्या टेबलावर आणून टाकला. कुणा मोठ्या गिऱ्हाइकासाठी जपून ठेवलेला होता. "त्या जाड चामड्याचे नको करू. पोरीची टाच पाहिली मी," एवढंच म्हणाले.

शिसवीचा एक जुना फर्मा घेऊन मी तो कानशीने टाचेकडून उतरवायला लागलो. उतरवायचा, कॅलिपर लावायचा, पुन्हा उतरवायचा. पंज्याकडे अगदी थोडा, टाचेकडे भरपूर. चामड्याचे कापही नव्याने काढावे लागले. टाचेच्या मागे आत एक कडक पट्टी असते, तिला आम्ही स्टिफनर म्हणतो. टाच धरून ठेवायचं काम तिचं. तीही त्याच बारीक आकारावर वाळवून घेतली.

बूट तयार झाले. जुन्या बुटांच्या प्लेटा काढून नव्यांना लावल्या. वैजूने पाय घातला, लेस आवळली आणि टाच उचलून पाहिली. बूट टाचेबरोबर उचलला गेला. ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी मी रिंकवर गेलो. धरमपेठेतल्या एका शाळेच्या मागे सिमेंटचं मैदान होतं, कडेला लोखंडी कठडा. कोच देशकर सर उंच, गळ्यात शिट्टी, बोलायला तुटक. वैजू सरळ छान गेली. दोन पायांवर वळणंही छान. मग सरांनी एका पायावरचा गोल सांगितला. तिने उजवा पाय उचलला, अर्धा गोल झाला आणि ती आतल्या बाजूला पडली. उठली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा आत पडली. तिसऱ्यांदाही.

कठड्यापाशी तिची आई उभी होती. तिने तोंड फिरवलं.

"मी यांना सांगितलं होतं," सर मला म्हणाले. "बुटाचा प्रश्न नाही. मनात भीती बसली आहे. तुम्ही उगीच कष्ट घेतले."

माझं तोंड पडलं. मला बूट कळत होता, स्केटिंग कळत नव्हतं. सर म्हणत होते ते खरंही असू शकत होतं. पण एक गोष्ट मला खटकली. भित्रं मूल आधार दिसेल तिकडे पडतं, कधी पुढे, कधी मागे. ही दर वेळी एकाच बाजूला पडत होती.

मी तिला जवळ बोलावलं. बूट बसतो का, हे विचारून उपयोग नव्हता. बसतो असंच ती म्हणाली असती.

"काय काय हलतं ते सांग," मी म्हणालो.

तिने विचार केला. "आता टाच नाही हलत काका. आधी बूट वळायचा अन् पाय मागून वळायचा. आता दोन्ही बरोबर वळतात."

"मग पडतेस कशी?"

"चाकं बाहेरच्या अंगाला राहतात. मी आत जाते."

देशकर सरांनी हे ऐकलं. ते तिच्यामागे गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "डाव्या पायावर उभी राहा. माझ्या खांद्याला धर." मागून डोळा बारीक करून त्यांनी पाहिलं आणि मला हाक मारली. "इकडे या. माझ्या जागी बसून बघा."

मी बसलो. टाचेची मधली रेघ एकीकडे आणि चाकांची मधली रेघ जराशी बाहेर. जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग फरक. आमच्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडताना जुन्या बुटाच्या तळाचा पुठ्ठा ठेवून खुणा केल्या होत्या. पुठ्ठा रुंद तळाचा, बूट अरुंद तळाचा, आणि पुठ्ठा आतल्या कडेला जुळवून ठेवलेला. प्लेट बाहेर सरकली होती.

"दोन पायांवर असताना हे कळत नाही," सर म्हणाले. "एक पाय दुसऱ्याला सांभाळून घेतो. एका पायावर आली की पडणारच." मग ते वैजूकडे वळले. "तू भित्री नाहीस. मी चुकीचं बोललो."

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"वैजू!" आई कठड्यावरून ओरडली. सर मोठ्याने हसले.

आम्ही तिथून थेट दुकानात आलो. सर स्कूटरवर, मी मागे, मांडीवर बूट. रविवार असल्यामुळे शटर बंद होतं. भाऊसाहेबांच्या घरून किल्ली आणली तर तेही सोबत आले. जुन्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या. सरांनी बूट मागून धरला, मी टाचेच्या मध्यापासून नवी रेघ मारली आणि नवी भोकं पाडली. भाऊसाहेब बोल्ट हातात देत होते आणि "घाई नको करू" असं सांगत होते. घाई कोणीच करत नव्हतं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पुन्हा रिंक. वानखेडेही वाडीहून ड्यूटी आटोपून आले होते. वैजूने दोन फेऱ्या मारल्या, हात पसरले, उजवा पाय उचलला. चाकांचा बारीक आवाज येत राहिला. गोल पुरा झाला. ती थांबली नाही, त्याच रेघेवरून दुसरा काढला. तिची आई कठड्याला धरून उभी होती. ती कुणालाच उद्देशून म्हणाली, "असं असते का हे." त्याआधी एका पायावर तिने मुलीला फक्त पडतानाच पाहिलं होतं.

पुण्याला वैजू गेली. नंबर आला नाही. उडीत एकदा पडली, उठून पुढचं सगळं केलं, असं देशकर सरांनी मुद्दाम दुकानात येऊन सांगितलं. पुढच्या वर्षी तिचं नाव निवडलेल्यांच्या यादीत होतं. तोपर्यंत तिची बोटं बुटाला टेकायला लागली होती. मी त्याच फर्म्याला पुढून चामड्याच्या चकत्या चिकटवून लांबी वाढवली आणि दुसरी जोडी केली. टाच मात्र तिची तेवढीच राहिली.

सरांनी मग आणखी मुलं पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक पालक आत येताच म्हणायचा, याचाही पाय अरुंद आहे. मी माप घ्यायचो. बहुतेकांचे पाय अगदी साधे निघायचे. पोरं वाढतात म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतलेले असायचे, एवढंच. त्यांना मी नवे बूट केले नाहीत. योग्य नंबर सांगून परत पाठवलं. भाऊसाहेबांना ते फारसं आवडलं नाही.

बूट घेताना सगळे आई-बाप पुढून अंगठ्याने दाबून बघतात, जागा आहे ना म्हणून. मागे टाचेत बोट घालून कोणी बघत नाही. तेही बघत जा.