कबड्डीच्या मैदानातलं हळदीकुंकू

नव्वदच्या दशकात पुण्याच्या रेडिओ केंद्रासाठी मी बारामती-इंदापूरकडच्या कॉलेजांच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचो. घरचे म्हणत, ह्याच्या जिभेला हाड नाही. खरंच होतं ते. कबड्डी असो की भालाफेक, माईकपुढं मी कधी अडखळलो नाही. घाबरायचो मात्र दर वेळी. थेट प्रसारणात तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, ह्या एका विचारानं सामन्याच्या सकाळी मी उपाशीच घराबाहेर पडायचो.

त्या वर्षी कबड्डीचा अंतिम सामना इंदापूरला होता. संक्रांत नुकतीच झालेली. माझा आवाज रेडिओवर जात होता आणि मैदानावरच्या भोंग्यांतूनही. माझ्या टेबलामागंच बायकांसाठी वासे आणि फळ्यांची गॅलरी उभारली होती, काथ्यानं आवळून. कॉलेजात शिकणारी माझी मुलगी मैत्रिणींबरोबर तिथं सगळ्यात खालच्या रांगेत बसली होती.

मध्यंतर झालं आणि मागं करकर ऐकू आली. वळून पाहिलं, तर कोपऱ्यातल्या वाशाचा काथ्या सैल होऊन हळूहळू सरकत होता. सामने भरवणारे तात्या धावत आले, माईकवर हात ठेवून माझ्या कानाशी लागले. "बोलनं थांबवू नका. बायका भ्याल्या तर चेंगरून मरतील. कायबी सांगा, पन उतरवा समद्यांस्नी."

सुचलं ते मी बोललो. संक्रांतीनिमित्त सगळ्या भगिनींसाठी मैदानात हळदीकुंकू आणि तिळगूळ ठेवला आहे. वरच्या रांगेपासून एकेक रांग सावकाश जिन्यानं उतरावी. खालच्या रांगेनं पाळी येईपर्यंत बसून राहावं. खालच्या आधी उठल्या असत्या, तर वरच्यांनी त्यांच्या अंगावर उड्या टाकल्या असत्या. पण गॅलरी कोसळली, तर खालचीच रांग गाडली जाणार, हेही मला दिसत होतं.

मैदानात तिळाचा दाणासुद्धा नव्हता. जिल्हाभर लोक कबड्डी ऐकायला बसलेले आणि मी त्यांना हळदीकुंकवाचं आवतण देत होतो. एरवी मलाच हसू आलं असतं. तेव्हा नजर त्या काथ्यावरून हटत नव्हती आणि आवाज मात्र लग्नघरच्या यजमानासारखा मोकळा. बायका पदर सावरत, गप्पा मारत इतक्या निवांत उतरत होत्या, की मला त्यांचा राग यायला लागला. मुलीकडं बघायचं धाडस होईना. दर वाक्याला वाटे, तिला हाक मारावी. दर वेळी मी ती हाक गिळली.

शेवटची रांग उतरल्यावर थोड्या वेळानं कोपरा मोडून खाली बसला. कुणाला खरचटलंही नाही. तात्यांनी मात्र बाजारातून तिळगूळ आणायला माणूस पिटाळला, कारण बायका रांग लावून उभ्या होत्या.

परतीच्या एसटीत मुलगी शेजारी बसली होती. म्हणाली, "आबा, तुमी बोलायच्या आधीच मी काथ्या सुटताना बघितला हुता."

खो-खो खेळणारी पोर. एका उडीत मैदानात आली असती.

"मग उडी का न्हाय मारलीस?"

"तुमी बसा म्हनालात की. आवाज तर रोजच्यासारखाच हुता तुमचा. मला वाटलं, आबा म्हनत्यात म्हंजी भ्यायचं कारन न्हाय."