शिरीषच्या बेसमेंटमधलं ब्राझील

बेसमेंट हा प्रकार फार धोक्याचा! एकदा वस्तू खाली गेली की ती परत वर येत नाही. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये शिरीषच्या बेसमेंटमध्ये एक ट्रेडमिल आहे, गणपतीचं मखर आहे, दोन बंद प्रिंटर आहेत आणि शनिवारी तिथे जमणाऱ्या आमच्या सिनेमा ग्रुपचे किस्से आहेत. ट्रेडमिलला कुणी हात लावत नाही. किस्से मात्र मी जाईन तिथे सांगते आणि लोक म्हणतात, "काहीतरीच तुझं!" शप्पथ सांगते, सगळं खरं आहे.

याच्या मुळाशी आहे इरा, शिरीषची एकुलती एक. आई गेल्यापासून घरात दोघंच. पोरीला कार कंपनीत चांगली नोकरी, पण डोक्यात सिनेमा. सिनेमाच्या एका वर्कशॉपमध्ये तिची ब्राझीलच्या लुसियानाशी ओळख झाली. ही बाई तिकडे सिनेमे करते. झालं! इराने जाहीर केलं, "या विंटरमध्ये आपण फक्त लुसियानाचे आणि तिच्या मित्रांचे सिनेमे बघायचे. अँड बाबा, मी जॉब सोडून एक वर्ष तिच्याबरोबर काम करणार."

पहिल्याला शिरीष हो म्हणाला. दुसऱ्याला म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का?"

*

पहिल्याच शनिवारी लुसियाना व्हिडिओ कॉलवर येणार होती. पाहुणीचा मान म्हणून शिरीष ब्राझीलच्या फुटबॉल टीमची पिवळीधमक जर्सी घालून अगदी पुढ्यात बसला. आत बनियन, वर जर्सी, चेहऱ्यावर अभिमान.

कॉल लागला. लुसियाना हसत होती. शिरीष दिसला आणि तिचं हसूच गेलं!

"यांनी हे मुद्दाम घातलंय?" तिने इराला विचारलं.

तिकडे म्हणे राजकीय मोर्च्यांमध्ये एका बाजूचे लोक हीच जर्सी घालून उतरले. तेव्हापासून ती घातलेला माणूस दिसला की आधी तो कुणाच्या बाजूचा ते बघतात. "माझे दोन सख्खे भाऊ या जर्सीपायी एका टेबलावर जेवत नाहीत," ती म्हणाली. "त्यावरच मी फिल्म करतेय."

आम्ही गारच पडलो. फुटबॉलची जर्सी हो! शिरीषने गुपचूप ती काढली आणि उरलेला कॉल आमच्या ग्रुपमधल्या लेले काकूंची शाल पांघरून अटेंड केला.

*

मग तिची डॉक्युमेंटरी लावली. खाणीचा गाळ अडवणारं धरण फुटतं आणि अख्खं गाव चिखलाखाली जातं. कुणी वेफर्ससुद्धा खात नव्हतं. आणि ऐन मध्यावर स्क्रीन काळा! आवाज पण बंद!

खोलीत पाच इंजिनिअर. पाचही उठले. एक केबल उपटायला, एक टेबलाखाली, एक नुसताच सल्ले द्यायला. शिरीषने इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि त्या सुपरवायझरला असा झापला, असा झापला! तेवढ्यात चित्र परत आलं.

"बघा, ओरडल्याशिवाय कामं होत नाहीत!" शिरीष म्हणाला.

नंतर कॉलवर इराने हसत हसत हा गोंधळ लुसियानाला सांगितला. ती हसली नाही. "तिथे खाणीची माणसं आली. माझा कॅमेरा फोडला, कार्ड घेऊन गेली. जेवढं शूट गेलं तेवढा वेळ मी पडदा काळा ठेवलाय."

कॉल संपताच शिरीष सगळ्यांदेखत इराला म्हणाला, "तू जाणार नाहीस. विषय संपला."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं फक्त "दूध संपलंय" एवढ्यावर आलं.

*

पुढचा सिनेमा लुसियानाच्या मित्राचा. उंच बिल्डिंग, मालकांची लिफ्ट वेगळी, कामवाल्यांची वेगळी. एक दिवस मालकांची लिफ्ट बंद पडते. मग ही बडी मंडळी धापा टाकत चौदा मजले चढतात, पण त्या दुसऱ्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत!

लेले काकूंच्या डोळ्यांत पाणी. "माणसं आहेत का कोण मेली! काम करणाऱ्या बायकांना वेगळी लिफ्ट? शोभतं का?"

इरा हळूच म्हणाली, "काकू, पुण्यात तुमच्या बिल्डिंगमध्ये मी मागच्या लिफ्टने येत होते, तर वॉचमनने थांबवलं. म्हणाला, ती कामवाल्यांची आहे, तुम्ही पुढून जा."

काकूंनी डोळे पुसले, जरा विचार केला.

"हो, पण आमची मागची लिफ्ट मोठी आहे गं!"

*

वस्तीवर बुलडोझर फिरतो त्या सिनेमाने तर झोप उडवली. पोलिस घरात घुसतात, म्हातारीला फरफटत बाहेर काढतात. मी लुसियानाला विचारलं, "इतके भयंकर पोलिस कुठून आणलेत?"

"वस्तीतलेच लोक आहेत," ती म्हणाली. "ज्यांची घरं पाडली तेच. आमच्याकडे आम्ही पुष्कळदा असंच करतो, ज्याच्यावर बेतलं त्यालाच घेतो."

"मग ती म्हातारी?"

"ती नटी. भाड्याने आणावी लागली. सगळ्यांना पोलिसच व्हायचं होतं. स्वतःचा रोल करायला एकही जण तयार नव्हता."

*

मार्चमध्ये लुसियाना डेट्रॉइटला आली आणि इरा तिला घरी घेऊन आली. शिरीषने पाहुणचारात कसूर केली नाही, पण मान वर करून तिच्याकडे बघेल तर शपथ! आणि माझा जीव टांगणीला, कारण इराने ब्राझीलचं तिकीट काढलं होतं आणि ते फक्त मला सांगितलं होतं.

लुसियाना म्हणाली, "चला, आमच्या पद्धतीने एक सीन करू. ज्याने तुम्हाला अडवलं, तो तुम्ही व्हायचं. तुमच्याच भाषेत."

इरा ताडकन उठली. हाताची घडी घालून, भुवया चढवून म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का?" हुबेहूब बाप! सगळे खो खो हसले.

"आता इरा कोण होणार?" लुसियानाने विचारलं.

शिरीष उठला. आमचा शिरीष! मंडळाच्या नाटकात पडदा ओढायला सांगितला तरी पळून जाणारा माणूस! तो इरासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, मी तिकीट काढलंय," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायची हिंमत होत नाहीये."

इराने चमकून माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. मी खरंच सांगितलं नव्हतं हो!

हसणं केव्हाच थांबलं होतं. इराने हाताची घडी सोडली नाही. "आणि तिथे कुणी कॅमेरा फोडला तर? कुणी हात उगारला तर?"

"तुम्हाला फोन करीन," शिरीष म्हणाला. "कधीही करीन. भांडण झालेलं असलं तरी करीन. तुम्ही उचलाल?"

"पहिल्या रिंगला," इरा म्हणाली.