हिरव्या कपातली कॉफी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णीत तुम्हाला कोणी "कॉफी घेता का?" असं विचारलं, तर समजावं की एक तर तुम्ही सोयरे म्हणून आला आहात, नाही तर तुमची तब्येत बरी दिसत नाही. चहा कोणी विचारत नाही, तो येतोच.

आमची कॉफी म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. पातेलंभर दूध उकळायचं, त्यात साखर लोटायची, वर जायफळ किसायचं आणि शेवटी किराणा दुकानात माळेनं टांगलेल्या पुड्यांपैकी एक पुडी फोडून ती दुधाला नुसती दाखवायची. रंग आला तर कॉफी, नाही आला तर मसाला दूध. पाहुणे दोन्ही वेळी "वा" म्हणतात.

मी कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनी बसवणारा माणूस. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या या मशिनी आमची कंपनी जिथं कापूस पिकतो तिथं विकते आणि त्या उभ्या करून द्यायला मला पाठवते. त्यामुळे मी अर्धं जग पाहिलं, असा आमच्या गल्लीचा समज आहे. खरं म्हणजे मी कुठल्याही देशात विमानतळ, जिनिंगचं शेड आणि मालकाच्या घरची कॉफी, एवढंच पाहिलं. पण कॉफी भरपूर पाहिली. आणि पुढ्यात जे आलं ते तोंड वाकडं न करता संपवलं. पाहुण्यानं नाही म्हणायचं नाही आणि भांड्यात उष्टं ठेवायचं नाही, हे आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी त्याला शिकवतात.

इथिओपियात एका मालकानं घरी नेलं. खोलीत खाली हिरवं गवत पसरलेलं. त्याच्या बायकोनं शेगडीवर कच्चे दाणे भाजले आणि धूर निघायला लागल्यावर तो तवा माझ्यासमोर धरला. वास घ्यायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आरती घेतो तसा दोन्ही हातांनी धूर घेतला आणि डोळ्यांना लावला. बाई इतकी खूश झाली की मक्याच्या लाह्यांची अख्खी टोपली माझ्याकडे सरकवली. मग कॉफी आली, आणि तीत मीठ! तिच्या माहेरी तशीच पितात म्हणे. पहिला कप संपवला, दुसरा आला. दुसरा संपवला, तिसरा आला. तिसऱ्यात आशीर्वाद असतो, तो न घेता उठणं वाईट. मी आशीर्वादही प्यायलो आणि "छान आहे" म्हणालो.

ग्रीसमध्ये उलटं. तिथं बर्फ घातलेली फेसाळ थंड कॉफी नळीनं पितात, आणि एका ग्लासवर अख्खी दुपार काढतात. सरकारला शिव्या घालायच्या, थेंबभर ओढायची, पुन्हा शिव्या. मी टपरीवरचा कट चहा मारावा तसा ग्लास एका दमात रिकामा केला. मालकाला वाटलं, बिचारा तहानलेला दिसतो. त्यानं दुसरा मागवला. तोही मी संपवला, कारण ठेवायचं कसं? तिसऱ्यानंतर छाती अशी धडधडायला लागली की मशीन सुरू आहे की मी, हे कळेना.

पण खरी फजिती तुर्कस्तानात झाली. तिथली कॉफी भातुकलीच्या कपात येते आणि तळाला गाळ असतो. वरची कॉफी पिऊन कप बशीवर पालथा घालायचा आणि मग घरातली म्हातारी त्या गाळाच्या नक्षीत तुमचं भविष्य पाहते. मालकाची आई चष्मा लावून बसलीच होती. मी गाळासकट सगळं चाटूनपुसून प्यायलो. म्हातारीनं कप उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला. कप लख्ख. माझं भविष्य माझ्या दातांत अडकलं होतं. मालक हसून हसून लाल झाला आणि त्या भरात त्यानं स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे पोराकडचे मागणी घालायला येतात तेव्हा मुलगी सगळ्यांना नीट कॉफी देते आणि नवरदेवाच्या कपात मात्र मीठ टाकते. तोंड वाकडं न करता त्यानं ती संपवली, की समजायचं, पोरगा चांगला आहे. मला ही रीत फार आवडली. या परीक्षेत मी जगात कुठंही पहिला आलो असतो.

ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली, की माझ्या मुलीला ती पाठ झाली.

मुलगी यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. तपासल्याशिवाय ती कशालाच चांगलं म्हणत नाही, स्थळांना तर नाहीच. मागच्या हिवाळ्यात पांढरकवड्याचं एक स्थळ आलं. मुलगा नागपूरला बँकेत, एकुलता एक, दिसायला बरा. मी हरखून गेलो होतो. मुलगी त्याच्याशी फोनवर बोलली. तिची अट एकच होती, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला, "सोडू नको, नागपुरात लॅब कमी हायेत का?" तेव्हा कुठं तिनं पाहुण्यांना बोलवा म्हटलं.

पाहुणे यायच्या सकाळी तिनं मला विचारलं, "बाबा, त्या तुर्कस्तानात मीठ किती टाकते?"

"अंदाजानं," मी पेपर वाचता वाचता बोलून गेलो. मग पेपर खाली ठेवला. "काहून विचारून राह्यली तू?"

"तुमीच तं म्हणता, लय चांगली रीत हाये."

"अवं माय, ते तिकडं! इथं असे चाळे केले तं पांढरकवड्यापासून आर्णीपर्यंत नाव होईन आपलं."

"पास झाला तं तुमचाच जावई," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्याकडे कपांचा संच कधी पुरा राहत नाही. निळ्या फुलांचे पाच उरले होते, म्हणून बायकोनं त्यात एक हिरवा मिसळला होता. पोहे झाले, त्यावरची झणझणीत तर्री झाली, आणि मुलगी कॉफीचा ट्रे घेऊन आली. हिरवा कप तिनं स्वतःच्या हातानं मुलाला दिला. मी माझा कप तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिलो.

मुलानं घोट घेतला. डोळे किंचित मोठे झाले. घोट तोंडातच राहिला, मग गळ्यातून हळूच खाली गेला.

"कशी हाये?" त्याच्या आईनं विचारलं.

"मस्त हाये," तो म्हणाला.

मला त्याला उठून मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात त्याची आई माझ्या बायकोला म्हणाली, "पोरगी आमाले पसंत हाये. पन एक सांगून ठेवतो बाप्पा, ते रक्ताबिक्ताचं काम आमच्या घरात नाही चालत. लग्न झालं का नोकरी सोडा लागन."

मुलीनं मुलाकडे पाहिलं. मुलानं हिरव्या कपात पाहिलं आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. थेट तळ दिसेपर्यंत तो प्यायला, पण कपातून मान वर काढली नाही.

गाडी गल्लीच्या बाहेर पडताच मी टाळी वाजवली. "पास! अख्खा कप! तोंडसुद्धा वाकडं नाही केलं पठ्ठ्यानं!"

"मले पसंत नाही," मुलगी म्हणाली.

मी चिडलो. खरंच चिडलो. असं स्थळ दारात चालून येत नाही, नोकरीचं पुढं बघता येईल, पोरगा समजूतदार आहे, असं बरंच काही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मीठ पडलं तरी तो मस्त म्हणते. त्याची आई नोकरी सोड म्हणते, तरी मस्तच. फोनवर मले काय म्हणे? अन् आईसमोर? उद्या त्या घरात मले कोणी काही बोललं तं हा कपात पाह्यत बसन."

"अवं, याले समजूतदारपणा म्हणते!"

"तुमचा होय तो समजूतदारपणा. तुमच्यासारखाच हाये तो. आईच्या कॉफीतलं जायफळ तुमाले बिलकुल नाही आवडत. मले माहीत हाये, लहानपणापासून पाह्यतो मी तुमचं तोंड. आईलेच माहीत नाही."

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. बायको दारात आली. हाताला साबणाचा फेस होता, आणि तो जमिनीवर टपकत होता.

"खरं होय का?" तिनं विचारलं.

मी इकडंतिकडं पाहिलं. पाहायला कप नव्हता. "होय," म्हणालो.

"एवढी वर्षं पिऊन राह्यले, तोंड नव्हतं का तुमाले?" असं म्हणून ती आत गेली आणि भांडी आधीपेक्षा जोरात वाजू लागली.

मुलीनं फोन माझ्या हातात दिला. "नाही म्हणून तुमीच सांगा."

माझ्यानं आजवर कोणाला नाही म्हणवलं नव्हतं. पण पोरगी समोर उभी होती आणि स्वयंपाकघरातली भांडी ऐकत होती. मी नंबर लावला. मुलाची आईच बोलली. मी नाही सांगितलं, तसा तिचा आवाज चढला.

"काहून? आमच्या पोरात काय कमी हाये?"

"ताई, त्याच्या कॉफीत मीठ होतं," मी म्हणालो.

"मीठ? काहीच्या काही! मीठ असतं तं तो बोलला नसता का? त्यानं तं मस्त हाये म्हटलं!"

"म्हणूनच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.